रमी शिकतेय – डाव कळतो, पण गुण मोजताना गोंधळ होतो

निळाई

पत्त्यांशी माझी ओळख झब्बू, बदाम सात आणि मेंढीकोट इथवरच होती. रमी मोठ्यांची. गणपतीच्या जागरणाला आत्याकडे ओसरीवर सतरंजी पडायची, दोन कॅट एकत्र पिसले जायचे आणि आम्हा पोरांना फक्त कापायला बोलवायचे. यंदा आत्यानेच हाताला धरून बसवलं. तीन रविवार झाले, आम्ही चौघं खेळतोय.

जे कळलंय ते आधी लिहिते, चुकत असेल तर सांगा. प्रत्येकाला तेरा पानं. एक पान कापून उघडं ठेवायचं, त्या आकड्याची सगळी पानं जोकर. शिवाय छापील जोकर आहेतच. पाळीगणिक गड्डीतलं किंवा टाकलेल्यातलं वरचं एक पान घ्यायचं, एक टाकायचं. तेराच्या तेरा पानं सिक्वेन्स (एकाच रंगाची ओळीने पानं) आणि सेट (एकाच आकड्याची पानं) यांत बसली की शो, म्हणजे पानं मांडून डाव संपवायचा. सिक्वेन्स किमान दोन हवेत आणि त्यातला एक बिनजोकरचा, म्हणजे प्युअर.

अडलंय ते गुणांपाशी. परवाचा हात बघा. कापलेलं पान इस्पिकची चौकी, म्हणजे सगळ्या चौक्या जोकर. काकांनी शो केला तेव्हा माझ्या हातात ही पानं होती:

बदाम पंजी-छक्की-सत्ती
राजे तीन – इस्पिक, किलवर, चौकट
इस्पिक अठ्ठी-नव्वी
किलवर दुर्री-तिर्री
किलवर चौकी
चौकट एक्का
बदाम राणी

चौकी मी राजांच्या शेजारी चौथा राजा म्हणून लावली होती. आतेभावाने मोजले ७२. काका म्हणाले, नाही, ३७. आत्याने माझ्या हातातली पानं घेतली, दोन इकडची तिकडे केली आणि म्हणाली २५. तिघंही आपापल्या परीने बरोबर आहेत असं मला वाटलं, आणि म्हणूनच झोप लागली नाही. एकाच हाताचे तीन हिशेब कसे होतात?

---

तेरापानी

निळाई, प्रश्न सुंदर आहे. तीस वर्षं खेळतोय, पण नवीन माणसाला शिकवायला याहून चांगला हात मला सुचला नसता.

आधी पानांचे भाव. एक्का, राजा, राणी, गुलाम प्रत्येकी १०. दश्शीपासून दुर्रीपर्यंत जेवढा आकडा तेवढे गुण. जोकर शून्य, छापील असो की कापलेला. एका डावात जास्तीत जास्त ८०, त्यापुढे कितीही झाले तरी ८०च धरायचे. रमीत गुण म्हणजे दंड, हे डोक्यात पक्कं ठेवा. शो करणाऱ्याला शून्य.

आता तुमचा हात पायरी पायरीने.

समजा बदामचा प्युअर लागलाच नसता. मग बाकी काहीही जुळलेलं असो, सगळीच पानं मोजायची. तुमच्या हातात ती बेरीज ९० होते, म्हणजे ८०.

प्युअर लागला, पण दुसरा सिक्वेन्स नाही. तुम्ही लावलं होतं तसं. बदामची तीन पानं सुटली, म्हणजे मोजायची नाहीत. राजे जुळलेले दिसतात, पण दुसरा सिक्वेन्स नसेल तर सेटला काही किंमत नाही. ३० राजांचे, १७ अठ्ठी-नव्वीचे, ५ दुर्री-तिर्रीचे, १० एक्क्याचे, १० राणीचे. ७२. आतेभावाचं गणित चोख आहे.

चौकी उचलून किलवर दुर्री-तिर्रीला लावली की दुसरा सिक्वेन्स झाला. तो होताच राजांचा सेटही सुटला. उरले १७ आणि २०. काकांचे ३७.

चौकी तिथे न लावता इस्पिक अठ्ठी-नव्वीला जोकर म्हणून लावली, तर सुटतात १७ आणि उरतात दुर्री-तिर्रीचे ५ नि वरचे २०. आत्याचे २५. याच्या खाली हा हात जात नाही, मी सगळ्या बाजूंनी लावून पाहिला.

शो झाल्यावर बाकीच्यांना आपली पानं लावायला वेळ देतात, त्यामुळे आत्याचं उत्तर धरायचं. जोकर कुठे लावायचा हे मोजणीच्या वेळी ठरवताना एकच बघायचं, कुठे लावला तर जास्त गुण सुटतात.

---

कोरापत्ता

मी पण नवीनच. म्हणजे चौथ्या राजाच्या जागी लावलेला जोकर फुकट गेला म्हणायचा?

---

तेरापानी

पूर्ण फुकट. तीन राजांचा सेट आपल्या पायावर उभा होता, त्याला जोकरची गरजच नव्हती. नवीन खेळाडू जोकर मिळाला की मोठ्या पानांना चिकटवतो, कारण ती पानं भारी दिसतात. जोकर आधी दुसऱ्या सिक्वेन्सला द्या. तो लागला की सेटची दारं आपोआप उघडतात.

---

गोदाकाठ

एक बारकावा राहिला, तो याच हातात लपलाय. किलवर दुर्री-तिर्री-चौकी हा प्युअर सिक्वेन्स आहे! चौकी जोकर असली तरी इथे ती स्वतःच्याच जागी, स्वतःच्याच रंगात बसली आहे. ती जोकरचं काम करतच नाहीये. समजा निळाईकडे बदामची छक्की नसती, तर याच तीन पानांनी तिला वाचवलं असतं.

आमच्याकडे दिवाळीत यावरून इतका वाद झाला होता की डाव अर्ध्यात मोडला. तेव्हापासून आम्ही पानं वाटायच्या आधी हे तोंडाने म्हणून घेतो.

ज्यांवर नवीन मंडळी नेहमी अडखळतात अशा आणखी काही गोष्टी. एक्का दोन्हीकडे चालतो, एक्का-दुर्री-तिर्री आणि राणी-राजा-एक्का. पण राजा-एक्का-दुर्री असं वळण घेता येत नाही. सेटमध्ये एकाच आकड्याची तीन किंवा चार पानं, पण रंग सगळे वेगळे. आणि कापताना छापील जोकरच निघाला, तर एक्के जोकर होतात.

---

बदामराणी

सेटमधल्या रंगांवरून आठवलं. सासरी पहिल्यांदा रमीला बसले, तेव्हा मी तेरा पानं मांडून शो केला. सगळे वाकून बघतायत, कुणी बोलत नाही. शेवटी सासऱ्यांनी बोट ठेवलं. माझ्या राण्यांच्या सेटमध्ये किलवरची राणी दोनदा होती. दोन कॅट म्हटल्यावर प्रत्येक पान दोनदा असतं, हे माहीत होतं, पण डोळ्यांना फक्त राण्या दिसल्या. चुकीचा शो, ८० गुण. खूप वाईट वाटलं होतं. त्या दिवसापासून शो करण्याआधी मी प्रत्येक सेटवर अंगठा फिरवते आणि रंग मनात म्हणते. इस्पिक, बदाम, चौकट. मगच पान पालथं टाकते.

निळाई, ही सवय आत्ताच लावून घ्या.

---

निळाई

किती नीट समजावलंत सगळ्यांनी! वही घेऊन बसले होते, पाच-सहा हात काल्पनिक वाटून मोजून पाहिले. आता जोकरची जागा बरोबर सापडते.

पुढचा प्रश्न ड्रॉपचा. आत्या पानं हातात घेते, एकदा पंख्यासारखी पसरते, परत मिटते आणि "मी नाही" म्हणून खाली ठेवते. दहा सेकंद नाहीत लागत. तिला एवढ्यात काय दिसतं?

---

तेरापानी

आत्यांना नमस्कार सांगा. जिला पानं टाकून द्यायला जमतं, तिला रमी येते.

नियम असा. आपली पहिली पाळी खेळण्याआधी सोडलं तर २० गुण. एकदा पान उचलल्यानंतर मध्येच सोडलं तर ४०. हे साध्या पॉइंट रमीत, म्हणजे जिथे प्रत्येक डावाचा हिशेब तिथेच मिटतो, आणि १०१ च्या पूलमध्ये. २०१ च्या पूलमध्ये हेच २५ आणि ५०.

पूल म्हणजे प्रत्येक डावाचे गुण वहीत चढत जातात, १०१ ला पोचला तो बाद, शेवटी उरेल तो जिंकला. २०१ चंही तेच, फक्त दोर लांब.

आता २० चा अर्थ बघा. १०१ मध्ये पाच वेळा पहिल्याच पाळीला सोडलं तरी १०० होतात, माणूस अजून खेळात असतो. उलट एका वाईट हाताला भिडून ८० खाल्ले, तर एका डावात पाऊण वाट संपली. म्हणून पानं उघडल्यावर स्वतःला विचारायचं, यात प्युअर आहे का? नसेल तर लागून दोन पानं, अशा जोड्या किती? जोकर किती? प्युअर नाही, जोकर नाही, राजे-गुलाम चार-पाच सुटे, असा हात मी डोळे मिटून सोडतो. प्युअर तयार असेल तर जोकर नसतानाही खेळतो.

बाद झालेल्याला परत यायचं असेल, तर खेळात असलेल्यांपैकी ज्याचे गुण सगळ्यात जास्त, त्याच्यापेक्षा एक जास्त घेऊन बसता येतं. पण १०१ मध्ये तो सगळ्यात मोठा आकडा ७९ च्या वर गेलेला नसावा, २०१ मध्ये १७४ च्या वर. हे आकडे विचित्र वाटतात ना? मलाही वाटायचे. मग एकदा बेरीज करून पाहिली. ७९ वर परत आलेला माणूस ८० वर बसतो, एक ड्रॉप घेतला तर १००. १७४ वर आलेला १७५ वर बसतो, एक ड्रॉप २५ चा, २००. दोन्हीकडे परत आलेल्याला एक हात सोडण्याची मुभा उरते, बरोब्बर एक.

---

गोदाकाठ

वा, हे ७९ आणि १७४ चं असं कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं नुसते पाठ होते.

---

कोरापत्ता

आणि डील रमी म्हणतात ती?

---

तेरापानी

ठरवून तेवढेच डाव खेळायचे. सगळ्यांकडे सुरुवातीला सारख्या चकत्या, हरणाऱ्याने आपल्या गुणांइतक्या जिंकणाऱ्याला द्यायच्या. ठरलेले डाव संपले की ज्याच्याकडे जास्त तो पुढे. यात सहसा ड्रॉप नसतो. दोघांत खेळायला छान.

---

बदामराणी

टाकायच्या पानांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मला रमी खरी कळली ती तिथे.

सत्ती कुठकुठे बसते मोजा. पाच-सहा-सात, सहा-सात-आठ, सात-आठ-नऊ. तीन पानांच्या तीन ओळी. एक्का? एक्का-दुर्री-तिर्री आणि राणी-राजा-एक्का, दोनच. राजाच्याही दोनच, गुलाम-राणी-राजा आणि राणी-राजा-एक्का. दुर्रीच्या दोन. बाकी सगळ्यांच्या तीन. आता एक्का आणि राजा बसायला अवघड आणि हातात राहिले तर १० गुण. दुर्रीही बसायला अवघड, पण राहिली तर फक्त २. म्हणून सुटा राजा पहिल्या दोन-तीन पाळ्यांत जावा, सुटी दुर्री राहिली तरी चालते.

दुसरं, जोकरच्या शेजारची पानं. समजा सत्ती जोकर आहे. सत्ती कुणी सहा-सात-आठ लावण्यात घालवणार नाही, तिचा दुसरीकडे उपयोग जास्त. त्यामुळे छक्की आणि अठ्ठी समोरच्याला कमी लागतात. हातातली सुटी छक्की-अठ्ठी टाकताना मन थोडं निवांत असतं.

आणि तिसरं, गेलेली पानं लक्षात ठेवणं. प्रत्येक पान दोनदाच आहे. मी बदाम पंजी-सत्ती घेऊन छक्कीची वाट बघतेय आणि दोन्ही छक्क्या खाली पडून गेल्या, तर ती वाट बंद. जोकर असेल तर ठीक, नाहीतर तिथेच मोडायचं. सगळी पानं लक्षात ठेवणं नाही जमत सुरुवातीला. मी फक्त मला हवी असलेली दोन पानं आणि माझ्यानंतरच्या खेळाडूने उचललेली पानं, एवढंच ठेवायचे. त्याने चौकट दश्शी उचलली, तर माझी चौकट नव्वी त्याला मिळणार नाही.

---

इस्पिकएक्का

शेवटी पानं कशी येतात यावरच सगळं असतं असं मला वाटतं. वाईट पानं आली तर कितीही हुशारी करा.

---

तेरापानी

एका डावापुरतं खरं आहे. वीस डाव बसून वही बघा, रोज वर असणारी माणसं तीच दिसतील.

यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेत लोक. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण, १९६७ चा निकाल. क्लबात रमी खेळण्यावरून खटला होता. न्यायालयाने म्हटलं की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नाही, कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं आणि काय टाकायचं यात कौशल्य लागतं, आणि ते कौशल्य वरचढ आहे. बदामराणी यांनी वर लिहिलंय तेच की! क्लबवाला खेळातून नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी, हेही त्याच निकालात आहे.

---

कोरापत्ता

मग मोबाइलवर सराव केला तर चालेल ना?

---

गोदाकाठ

बिनपैशांचा सराव करा की. पैसे लावून ऑनलाइन खेळायचं असेल तर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई आहे, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. आणि मनापासून सांगतो, शिकायला सतरंजीच बरी. मोबाइल गुण स्वतःच मोजतो, पानं स्वतःच लावून देतो. निळाईचा तो ७२-३७-२५ चा प्रश्न तिथे तिला पडलाच नसता.

---

आजोळ

उशिरा आलो. एकवीस पानी रमीबद्दल दोन शब्द, कारण पुढेमागे आत्या तिकडे वळणारच.

तीन कॅट, हातात २१ पानं. प्युअर सिक्वेन्स एक नाही, तीन हवेत. एकाच रंगाचं एकच पान तिनदा आलं, म्हणजे तीन इस्पिक नव्व्या, तर त्याला टनेला म्हणतात आणि तो प्युअरच्या जागी चालतो. तेरा पानीत जो बदामराणींचा दोष होता, तो इथे गुण होतो. तसंच दोन सारख्या पानांची डुबली. आठ डुबल्या जमल्या की सिक्वेन्स नसतानाही शो. कापलेल्या पानाच्या वरचं आणि खालचं त्याच रंगाचं पानही जोकर धरतात, काही घरांत त्यांना पपलू आणि निचलू म्हणतात, आणि ते ज्याच्याकडे त्याला बाकीच्यांकडून वेगळे गुण मिळतात. कमाल दंड ८० नाही, १२०.

पण तेरा पानीचा हिशेब हातात बसल्याशिवाय इकडे येऊ नका. इथे मोजणीलाच डावाइतका वेळ जातो.

---

निळाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रविवार होता, म्हणून लिहायला आले.

वाटायच्या आधी मी वहीच्या पहिल्या पानावर आमचे नियम लिहून काढले. १०१ चा पूल, ड्रॉप २० आणि ४०, जोकर स्वतःच्या जागी बसला तर प्युअर, शो नंतर पानं लावायला वेळ द्यायचा. एका मुद्द्यावर अडलो. काकांच्या लहानपणी दुसरा सिक्वेन्स नसेल तर प्युअरही मोजत असत, म्हणजे पूर्ण हात अंगावर. आतेभाऊ म्हणाला तसंच खेळू, चुरस येईल. आत्या म्हणाली, पोरगी शिकतेय, प्युअर सोडायचा. तसं ठरलं.

तिसऱ्या डावाला मला पानं आली ती अशी: दोन राजे, दोन गुलाम, एक राणी, रंग विखुरलेले, कुठेच ओळ नाही, जोकर नाही. मी पंखा उघडला, तेरापानी यांचे प्रश्न मनात विचारले आणि पहिल्यांदाच "मी नाही" म्हटलं. आत्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि वहीत माझ्या नावाखाली २० लिहिले. त्या डावात काकांना ६४ बसले.

आतेभाऊ ९३ वर होता आणि त्याने दोन राजे धरून ठेवले होते. सातव्या डावात बाद झाला. तेव्हा मी ७१ वर होते आणि आत्या ४६ वर. त्याला परत यायचं होतं, काकांचे तेव्हा ८४ झालेले. मी वहीवर बोट ठेवून म्हटलं, ७९ च्या वर गेलेत, नाही बसता येणार. त्याने बेरीज स्वतः दोनदा करून पाहिली आणि मग चहा टाकायला उठला.

शेवटी आत्याच जिंकली. मी दुसरी, ९८ वरून एकदम १२३. शेवटच्या हाताचा हिशेब करताना माझा जोकर कुठे लावायचा ते मात्र कुणालाही सांगावं लागलं नाही.

आजोळ, एकवीस पानीचं तुम्ही लिहिलेलं आत्याला वाचून दाखवलं. ती कपाटातून तिसरा कॅट शोधतेय.